दगडातील गोगलगाय वाचणारा शिक्षक : स्टीफन हिस्लॉप

पूर्णेचा गाळपट्टा सोडला, तर वऱ्हाडातील बहुतेक गावांत विहिरीची कथा सारखीच असते. आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली पहार परतवून लावणारा काळा पाषाण. पाण्याच्या आशेने खोल जाणाऱ्या माणसाला त्या दगडाचे कौतुक नसते. परंतु दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी वेगळाच, फिकट रंगाचा, मातीसारखा थर लागतो आणि त्यात एखादी दगड झालेली गोगलगाय निघते. ती कोणत्या काळातील, ती जगली तेव्हा येथे तळे होते की नदी, तिच्या डोक्यावर हा काळा दगड कोठून आला, असे प्रश्न विचारणारी माणसे आपल्या प्रदेशात फार थोडी होऊन गेली. त्यांत अग्रक्रमाने ज्यांचे नाव घ्यावे लागते, ते स्टीफन हिस्लॉप व्यवसायाने भूवैज्ञानिक नव्हते. ते शाळेत शिकवीत असत. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे त्यांचे नाव विदर्भातील घराघरांत पोहोचले आहे. त्या नावामागील माणूस मात्र फारसा परिचित नाही.

वऱ्हाडातील पहिली खूण

हिस्लॉप यांच्या आधीची एक घटना आपल्या अमरावती जिल्ह्याशी निगडित आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात डॉ. हेन्री वेस्ली व्हॉयसी नावाचे शल्यचिकित्सक व भूवैज्ञानिक नेमलेले होते. १८२३ सालच्या जानेवारीत सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्बटन यांचे हिंगणघाट येथे निधन झाले आणि त्याच वर्षी एप्रिल महिन्यात व्हॉयसी गाविलगडच्या डोंगररांगेत हिंडत होते. ज्या काळ्या खडकात सजीवांची खूण मिळणार नाही असे वाटावे, त्याच खडकांच्या सोबतीने त्यांना दगड झालेले शंख आढळले. पुढल्याच वर्षी व्हॉयसी निवर्तले. त्यांचे टिपण मृत्यूनंतर छापले गेले. चिखलदऱ्याला सहलीला जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की मध्य भारतातील या शंखांची एक फार जुनी नोंद त्यांच्या पायाखालच्या डोंगरातील आहे.

व्हॉयसी यांच्यानंतर डॉ. माल्कमसन यांनी दख्खनच्या पूर्व भागातील असे शंख गोळा करून १८४० साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. धागा हाती आला होता. तो पुढे नेण्यासाठी या मुलखात वर्षानुवर्षे राहणारा, पायी हिंडणारा आणि येथील माणसांची भाषा बोलणारा कोणी तरी हवा होता.

डन्स ते नागपूर

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. गावच्या शाळेत आरंभीचे शिक्षण घेऊन ते एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत शिकले. किडे, वनस्पती आणि दगड जमविण्याची आवड त्यांना लहानपणापासून होती. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च स्थापन झाले. हिस्लॉप त्या नव्या चर्चमध्ये गेले आणि त्याचे मिशनरी म्हणून भारतात येण्याचे त्यांनी ठरविले. १८४४ च्या डिसेंबरात ते मुंबईस उतरले आणि पुढल्या वर्षाच्या आरंभी नागपूरला पोहोचले.

तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते आणि वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली होते. हिस्लॉप धर्मप्रसारासाठी आले होते, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. त्यांच्या कार्याचा तो उघड हेतू होता आणि त्यावरून शहरात वादही झाले. आपला मार्ग निराळा आहे. तरीही कोणत्याही माणसाचे मोल ठरविताना त्याने स्वीकारलेला पंथ आणि त्याने जगाला दिलेले ज्ञान या दोन गोष्टी वेगवेगळ्या तोलाव्या लागतात. हिस्लॉप यांनी प्रथम मराठी भाषा आत्मसात केली आणि १८४६ साली नागपुरात शाळा उघडली. शिकविणे हेच त्यांचे रोजचे काम झाले. १८४७ साली रॉबर्ट हंटर हे तरुण सहकारी त्यांना येऊन मिळाले. दोघांनाही निसर्गाच्या अभ्यासाची गोडी होती.

टाकळीचा शंख

१८५१ साली हे दोघे नागपूरजवळच्या टाकळी गावाकडे फिरावयास गेले असता खडकात रुतलेला एक लहानसा शंख त्यांच्या दृष्टीस पडला. रोज शेकडो माणसे ज्या वाटेने जात, त्याच वाटेवर तो दगड होता. दोघांनी तो थर शोधण्यास आरंभ केला. टाकळीप्रमाणेच शहराच्या मधोमध असलेल्या सीताबर्डीच्या टेकडीतही तो सापडला. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीला जाणाऱ्या आपल्या हजारो बांधवांनी ती टेकडी पाहिलेली असते. तिच्या पोटात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गाळाचा एक पातळ थर आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्या थरातून हळूहळू एक नाहीसे झालेले जग वर येऊ लागले. गोड्या पाण्यातील गोगलगायी आणि शिंपले, माशांचे अवशेष, लाकडाचे तुकडे, फळे आणि बिया आणि भुंगेऱ्यांची कठीण पंखकवचेसुद्धा! त्यांतील फायसा नावाची गोगलगाय विशेष ध्यानात राहण्याजोगी आहे. बहुतेक गोगलगायींचा शंख उजवीकडे वळतो, हिचा मात्र डावीकडे. त्या प्रकारच्या गोगलगायी आजही गोड्या पाण्यात राहतात. म्हणजे ज्या ठिकाणी आज उन्हाने तापलेला पाषाण आहे, तेथे एके काळी पाणवनस्पतींनी भरलेले उथळ तळे होते, हे त्या एका शंखावरून सांगता येते.

येथे वाचकाच्या मनात प्रश्न येईल, की वितळलेल्या दगडाच्या पुरात तळे कसे राहिले? त्याचे उत्तर असे. आपले दख्खनचे पठार एका उद्रेकात झालेले नाही. जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि दूरवर पसरून थिजला. त्याचे आज उरलेले क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. दोन उद्रेकांच्या मध्ये दीर्घ शांतता असे. तेवढ्या अवधीत थंड झालेल्या दगडाची झीज होई, खळग्यांत पाणी साचे, वाऱ्याने बिया येत, ओढ्यांतून मासे व गोगलगायी येत. मग पुन्हा लाव्हा येई आणि तळ्यातील गाळ त्यातील जिवांसह झाकला जाई. गारेच्या द्रावाने मुरलेला तो गाळ पुढे कठीण दगड होऊन बसे. भूविज्ञानात या थरांना आंतर-ट्रॅप थर म्हणतात. आपत्ती आणि आपत्ती यांच्या मधल्या काळात जीवन कसे पुन्हा पुन्हा रुजले, याची ती नोंदवही आहे.

काळ कोणता?

हिस्लॉप केवळ जमवाजमव करून थांबले नाहीत. प्रत्येक नमुना कोणत्या थरातून, कोणत्या गावाजवळून घेतला, हे त्यांनी नोंदविले. हंटर यांच्यासमवेत लिहिलेला नागपूर परिसराच्या भूरचनेवरील व जीवाश्मांवरील विस्तृत प्रबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात १८५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी प्रकृतीच्या कारणाने हंटर मायदेशी परतले. हिस्लॉप यांनी काम चालूच ठेवले. १८६० साली त्यांचा दुसरा महत्त्वाचा प्रबंध आला. त्यात त्यांनी नागपूरच्या शंखांबरोबर आंध्रातील राजमहेंद्रीजवळच्या थरांतील शंखांचाही विचार केला आणि नव्या जातींची वर्णने दिली.

या प्रबंधातील मुख्य प्रश्न काळाचा होता. पृथ्वीच्या इतिहासात एक मोठी सीमारेषा आहे. तिच्या अलीकडे प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांचे, म्हणजे डायनोसॉरचे युग संपलेले असते आणि सस्तन प्राण्यांचे युग सुरू झालेले असते. या अलीकडच्या युगाला तेव्हा तृतीयक म्हणत आणि त्याच्या आरंभीच्या भागाला इओसीन. नागपूरची तळी रेषेच्या पलीकडची की अलीकडची? दगडाचे वय किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून मोजण्याची युक्ती त्या काळी अस्तित्वात नव्हती. एका ठिकाणच्या जीवाश्मांची दुसऱ्या ठिकाणच्या जीवाश्मांशी तुलना करणे, एवढेच साधन हाती होते. ती तुलना करून हिस्लॉप यांनी निर्णय दिला, की हे थर तृतीयक युगाच्या आरंभीचे, डायनोसॉरनंतरच्या जगाचे आहेत.

इतर शोध

नागपूरच्या अवतीभवतीचे इतर खडकही त्यांनी सोडले नाहीत. मांगली येथील वालुकाश्मातून मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली तिचे ब्रॅकिऑप्स असे नामकरण केले. कामठीच्या बाजूच्या खडकांतील वनस्पतींच्या ठशांचे वर्णन बनबरी यांनी केले, तर भुंगेऱ्यांच्या पंखकवचांचा अभ्यास मरे यांनी केला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथील प्रचंड हाडेही हिस्लॉप यांनी जमविली. ती लांब मानेच्या डायनोसॉरची होती, हे पुढे स्पष्ट झाले. एका हिरवट खनिजाला हिस्लोपाइट हे नाव मिळाले आणि नागपूरच्या तळ्यात सापडलेल्या एका सूक्ष्म, वसाहत करून राहणाऱ्या जलचराला मुंबईच्या कार्टर यांनी १८५८ साली हिस्लोपिया म्हटले. शाळेचे तास, परीक्षा, प्रवचने आणि दौरे यांतून उरलेल्या वेळात हे सारे झाले, हे विसरता कामा नये.

माणसांच्या इतिहासाकडेही त्यांचे तितकेच लक्ष होते. मध्य प्रांतातील आदिवासी समाजांविषयी त्यांनी टिपणे काढली, गोंडी शब्द जमविले आणि लिंगोचे दीर्घ गोंडी गीत लिहून घेतले. लेखणीत न उतरलेल्या समाजाची मौखिक परंपरा कागदावर नोंदण्याचा या भागातील तो एक आरंभीचा प्रयत्न होता. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी ही टिपणे १८६६ साली प्रसिद्ध केली.

या जीवनाला राजकारणाचा स्पर्शही झाला. १८५४ साली भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८५७ साली नागपुरात होऊ घातलेल्या उठावाची वार्ता हिस्लॉप यांना कळली आणि त्यांनी ती इंग्रज अधिकाऱ्यांना दिली. ते आपल्या राज्यकर्त्यांच्या बाजूचे होते. मात्र नागपूरच्या कारभारातील दोषांवर वर्तमानपत्रांतून टीका करण्यासही ते कचरले नाहीत. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि काही काळाने टेंपल त्याचे मुख्य आयुक्त झाले. त्यांना हिस्लॉप यांच्या ज्ञानाचा मोठा आधार वाटे.

शेवटचा दिवस

नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ती मृतांच्या स्मरणार्थ रचलेली असून लोहयुगातील आहेत, हे पुढील संशोधनाने दाखविले. नागपूर विद्यापीठाने १९६८-६९ मध्ये टाकळघाट व खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, १८६३ सालच्या सप्टेंबरात, हिस्लॉप आणि टेंपल ही वर्तुळे पाहण्यासाठी तेथे गेले होते. ४ सप्टेंबर रोजी काम आटोपल्यावर टेंपल बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. हिस्लॉप मागे थांबले. गावातील शाळा पाहून, मुलांची परीक्षा घेऊन मग यावे, असा त्यांचा बेत होता.

शाळा पाहून ते संध्याकाळी एकटे घोड्यावरून निघाले. पावसाळ्याचे दिवस होते. वाटेतील नाल्याला पूर आला होता. मुक्कामावर घोडा परतला, पण त्याच्या पाठीवर स्वार नव्हता. शोध घेतला तेव्हा पाण्यात त्यांचा देह मिळाला. वयाची सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चारच दिवस उरले होते. ज्यांनी दगडातील लुप्त तळी ओळखली, त्यांना गावच्या एका नाल्याने नेले. आणि त्यांच्या आयुष्यातील अखेरचे काम एका खेड्यातील मुलांची परीक्षा घेण्याचे होते.

त्यांच्या स्मरणार्थ १८८३ साली नागपुरात हिस्लॉप कॉलेज सुरू झाले.

निर्णय किती खरा ठरला?

आता त्या जुन्या प्रश्नाकडे वळू. हिस्लॉप यांचा निर्णय बराच काळ वादाचा विषय राहिला. विसाव्या शतकात थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी आंतर-ट्रॅप थरांतील वनस्पतींच्या आधारे तृतीयक युगाच्याच बाजूने कौल दिला. पुढे दगडांचे वय प्रयोगशाळेत मोजता येऊ लागले आणि दख्खनचे मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉरच्या अस्ताच्या आगेमागेचे निघाले. कच्छमधील अंजार येथे लाव्ह्याच्या थरांमधील गाळातच डायनोसॉरचे अवशेष मिळाले. म्हणजे काही तळी डायनोसॉर जिवंत असतानाची होती. नागपूर भागातील थरही त्या युगाच्या अगदी अखेरचे असावेत, असा आज अनेक अभ्यासकांचा कल आहे. याउलट राजमहेंद्रीच्या काही थरांतील सूक्ष्म सागरी जीवाश्म डायनोसॉरनंतरच्या काळाची साक्ष देतात. तेथे हिस्लॉप बरोबर ठरले.

मग त्यांचे काम अर्धे चुकले असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी नमुना, थर आणि ठिकाण यांची प्रामाणिक नोंद ठेवली, म्हणूनच पुढल्या पिढ्यांना त्यांचा निष्कर्ष तपासता आला आणि दुरुस्तही करता आला. नोंद खोटी असती, तर दुरुस्तीलाही वाव राहिला नसता. कोणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून ते मानू नये, स्वतः तपासून पाहावे, ही शिकवण आपल्याला परकी नाही.

याच आंतर-ट्रॅप थरांनी पुढे आणखी एक मोठी गोष्ट सांगितली. तेलंगणातील नासकल येथे भारतीय शास्त्रज्ञांना डेक्कनोलेस्टीस या उंदराएवढ्या कीटकभक्षी सस्तन प्राण्याचे बारीक दात मिळाले. १९८८ साली हा शोध प्रसिद्ध झाला. महाकाय प्राणी राज्य करीत होते तेव्हा हे इवलेसे जीव पालापाचोळ्यात किडे शोधीत होते. महाकाय नष्ट झाले. सस्तन प्राणी उरले आणि त्यांच्याच विस्तारातून पुढे हत्ती, घोडे, गायी आणि माणूस असा संसार उभा राहिला.

आपल्या पायाखालचा इतिहास

या दीर्घ कथेची पाने आपल्या परिसरातच आहेत. मोर्शी तालुक्यातील सालबर्डीला आपण महादेवाच्या यात्रेमुळे ओळखतो. तेथील लाव्ह्याखालच्या थरांत डायनोसॉरची हाडे आणि अंडी मिळाली आहेत. गाविलगडच्या लाव्ह्याबरोबर व्हॉयसींचे शंख आहेत. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात पूर्णेने साठविलेला जाड गाळ आहे. तो या सर्वांच्या फार नंतरचा आहे आणि त्यात दूरच्या ज्वालामुखीची राखही सापडली आहे. अशाच नदीगाळातून नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठी नांदूर मधमेश्वर येथे मिळालेल्या लुप्त हत्तीच्या अवशेषांची नोंद १९०५ साली झाली, तर जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. ज्या भूमीवर आज कपाशी आणि तूर डोलते, तिच्या आसपास माणसाच्या सोबतीने शहामृग वावरत होते.

आपल्या शाळेतील बहुसंख्य मुले शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची आहेत. सुटीत घरी गेली की ती विहिरीवर, नाल्यावर, खाणीवर जातात. काळा दगड त्यांच्या आई-वडिलांनी फोडला आहे, वाहिला आहे, रस्त्यावर पसरला आहे. तो वाचण्याचा अधिकार त्यांना इतर कोणापेक्षाही अधिक आहे. एखाद्या मुलाने दगडात शंख पाहिला, तर पालकांनी तो फेकून देऊ नये. कोणत्या गावी, कोणत्या विहिरीत, किती खोलीवर मिळाला, एवढे कागदावर लिहून तो शाळेच्या प्रयोगशाळेत पाठवावा. माजी विद्यार्थ्यांनी अशा एका कपाटाची सोय केली, तर स्मरणिकेहून ती अधिक काळ टिकेल.

टाकळघाटच्या त्या संध्याकाळी कोणत्या मुलांनी हिस्लॉप यांच्यापुढे परीक्षा दिली, त्यांची नावे इतिहासाला ज्ञात नाहीत. पूर आलेल्या नाल्यापलीकडे मुक्कामाचे तंबू होते आणि अलीकडे एक लहानशी शाळा होती. ते शाळेसाठी थांबले. त्या थांबण्याला विनम्र अभिवादन.